आमच्या घराण्याची टाच

माझ्या मोठ्या दिरांना प्रश्न विचारायची खोड आहे. ती चांगली की वाईट, हे वीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. गिऱ्हाईक नवे बूट घालून दुकानात चार पावलं चालतं, खूश होऊन म्हणतं, "वा, छान झालेत!" दुसरा कुणी असता तर हात जोडून गप्प बसला असता. आमचे भाऊजी विचारणार, "का छान वाटतायत?" आता याचं उत्तर कोण काय देणार? गिऱ्हाईक बिचारं स्वतःच्या पायांकडे बघत राहतं आणि मी वरून ओरडते, "भाऊजी, जाऊ द्या त्यांना!"

आमचं बुटांचं दुकान आहे. खाली दुकान, त्याच्या वर कारखाना, आणि कारखान्याच्या वर आम्ही राहतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन खिडक्या, चामड्याचा आणि सरसाचा वास. पायाचं माप घेऊन घोट्यापर्यंतचे बूट करून देणं हा आमचा धंदा. भाऊजी माप घेतात, चामडं कापतात आणि ते लाकडी साच्यावर ओढून बसवतात. वरच्या भागाची आणि अस्तराची शिवण माझ्याकडे. तळ ठोकायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. ओठांत दहा-बारा खिळे धरून तो तळ ठोकायचा आणि तशाच तोंडाने माझ्याशी भांडायचाही. तो जाऊन सात वर्षं झाली. आता तळही भाऊजीच ठोकतात.

भाऊजी बावन्न वर्षांचे. अंगाने काडी. रोज सकाळी तासभर चालणार, कोरडा पाव खाणार, उकडलेल्या भाज्या खाणार, आणि आम्ही लोणी लावलेला पाव खायला घेतला की एखाद्या इन्स्पेक्टरसारखे आमच्या बशीकडे बघणार. लग्न केलं नाही. मी या घरात नवी होते तेव्हा भीत भीत विचारलं होतं, का नाही केलं. ते चामडं कापता कापता म्हणाले, "आमच्यातले पुरुष लवकर जातात. कुणाच्या मुलीला कशाला अडकवायचं?" रविवारी दुकान बंद असतं हे सांगावं, इतक्या सहज म्हणाले. मला त्यांचा रागच आला. त्यांच्या धाकट्या भावाने मला अडकवून जेमतेम वर्ष झालं होतं!

आमच्या घरात एक रीत आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा स्वतःचा लाकडी साचा असतो. अठरावं लागलं की साचा करायचा. पुढे पाय बदलला, कुठे फुगला, की साच्यावर तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे पुढचा बूट त्या बदललेल्या पायाला बसतो. माणूस गेलं तरी साचा टाकायचा नाही. त्याच्या तळव्यावर पेन्सिलीने जन्माचं आणि मरणाचं साल लिहायचं आणि वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. नवी आले तेव्हा त्या फळीखालून जाताना मला कसंतरीच व्हायचं. नंतर सवय झाली. आता मी दर महिन्याला सगळ्या सासरकडच्यांची धूळ झटकते.

आणि या घराण्याची एक टाच आहे. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी दोरीसारखी शीर असते ना, ती आमच्याकडच्या काही जणांची पंचविशी-तिशीत जाड व्हायला लागते. हात लावला तर आत गाठी लागतात. फार दुखत नाही, पण बुटाची मागची कड तिथे घासते. यावर आमच्या आजेसासऱ्यांनी शोध लावला की बूट चावतो म्हणून टाच सुजते. उपाय म्हणून त्यांनी बुटाची मागची कड अर्धं बोट खाली उतरवली. सूज गेली नाही. मग सासऱ्यांनी ती आणखी थोडी उतरवली. तरी गेली नाही. तीन पिढ्या ही माणसं कड खाली खाली नेत राहिली आणि टाच आपली जाड होत राहिली. पण लोकांना तो उतरता आकार आवडला. आमच्या बुटांची ती ओळख झाली. सासरे अभिमानाने सांगायचे, "ही आमची टाच!"

माझ्या नवऱ्याची टाच लग्नानंतर जाड व्हायला लागली, आणि दोष कुणावर आला? माझ्यावर. मागचं अस्तर मी शिवत होते ना! सासरे म्हणाले, "सूनबाई, मागची शिवण जाड घेतेस तू. ती टोचते त्याला." मी शिवण उसवली, बारीक घेतली. पुन्हा उसवली. एका बुटाची शिवण मी सहा वेळा उसवली असेन, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाच होती तशीच राहिली.

मग सासरे गेले, छप्पन्नाव्या वर्षी. आणि पुढे माझा नवरा गेला, बेचाळिसाव्या वर्षी. सकाळी दहाची वेळ, कारखान्यात. हातोडी खाली ठेवली, "जरा बसतो" म्हणाला आणि बसला. उठलाच नाही. हृदय.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी म्हणालं, रोज दोन-दोन अंडी आणि वर लोणी, मग काय होणार? मी तिकडे लक्ष दिलं नाही. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण भाऊजी माझ्यासमोर उभे राहून हळूच म्हणाले, "त्याला जरा कमी चारायला हवं होतंस." ते दुःखात बोलले हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य काळजात रुतून बसलं. तव्यावर अंडं फोडताना सात वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की मला ते आठवलं नाही. माझी मुलगी म्हणायची, "आई, अंड्याकडे एवढं रागाने का बघतेस?" मी म्हणायचे, "जळतंय म्हणून."

काही महिन्यांपूर्वी दुकानात एक डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. दिवसभर उभं राहून पाय दुखतात, म्हणाल्या. आमच्या दुकानात माप घेणारा माणूस स्वतः अनवाणी बसतो. हा सासऱ्यांचा दंडक. गिऱ्हाइकाला आपला उघडा पाय पुढे करायची लाज वाटू नये म्हणून. तर भाऊजी अनवाणी, गुडघ्यावर बसून त्यांच्या पायाभोवती पेन्सिल फिरवत होते. बाई वाकल्या. त्यांनी भाऊजींच्या पाठीमागे बघितलं, खुर्चीवरून उतरल्या आणि काही न विचारता त्यांची टाच हातात धरली. भाऊजी असे दचकले की पेन्सिल कागदावरून थेट फरशीवर गेली. मी अस्तराचा कपडा दाखवायला खाली आले होते. मला हसू आवरेना.

"हे इतकं जाड कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"ही आमच्या घराण्याची टाच," भाऊजी म्हणाले. "वडिलांची होती, आजोबांचीही होती."

"वडील कशाने गेले?"

"हृदय."

"आजोबा?"

"तेही तसेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी."

"भाऊ वगैरे?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. माझं हसू तिथेच थांबलं.

बाई म्हणाल्या, "माझे बूट राहू द्या. मी हृदयाची डॉक्टर आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी माझ्याकडे या."

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्याच्या प्रश्नांपुढे अगदी मुकाट झाला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच गेला. रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते शंभराच्या आसपास असलं तर बरं. यांचं निघालं तीनशे बारा. भाऊजी बाईंवरच रागावले. "अहो, मी कोरडा पाव खातो!"

"खाताय ते चांगलंच करताय," बाई म्हणाल्या. "त्याने थोडा फरक पडलाही असेल. पण तुमचं मूळ दुखणं ताटात नाही, जन्मात आहे."

मग त्यांनी समजावलं ते भाऊजींनी घरी येऊन मला कागदावर चित्र काढून समजावलं, एकदा नाही, चार वेळा. रक्तात फिरणारी ही चरबी उचलून आत घ्यायचं काम यकृत करतं. त्यासाठी त्याच्या पेशींवर बारीक बारीक दारं असतात. दारं कशी करायची याची कृती आपल्याला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. भाऊजींना बापाकडून आलेल्या कृतीत चूक आहे. त्यामुळे त्यांची निम्मीच दारं धड चालतात. चरबी आत जात नाही, रक्तातच फिरत राहते, अगदी जन्मल्यापासून. मग ती मिळेल तिथे साठते: हृदयाच्या नळ्यांत आणि टाचेमागच्या त्या दोरीत.

"म्हणजे बूट चावत नव्हता?" मी विचारलं.

"नाही."

"आणि माझी शिवण?"

भाऊजी कागदावरची दारं पेन्सिलीने गिरवत बसले. "तुझ्या शिवणीचा काहीएक संबंध नव्हता," शेवटी म्हणाले. सासरे त्या वेळी समोर असते तर मी त्यांना काय काय ऐकवलं असतं!

भाऊजींच्या हृदयाच्या दोन नळ्या बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या. माणूस घाबरला असेल असं वाटेल तुम्हाला. छे! हे महाशय पछाडल्यासारखे झाले. दर पंधरा दिवसांनी बाईंकडे जायचे ते प्रश्नांची यादी घेऊन. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, रोज तीन अंडी खाऊन एक्याण्णव वर्षं जगल्या आणि शेवटी जिन्यावरून पडून गेल्या. त्या कशा सुटल्या? बाई म्हणाल्या, प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं असतं. बापाच्या दोन कृतींपैकी चुकीची आली तर आली, नाही तर नाही. आत्याबाईंच्या वाट्याला चांगली आली. हे ऐकून भाऊजी घरी येईपर्यंत पुढचा प्रश्न तयार होता. चुकीची कृती मलाही आली आणि धाकट्यालाही. मग मी बावन्न आणि तो बेचाळीस, हे का?

याचं उत्तर मलाही हवं होतं. माझा नवरा मागच्या दाराशी उभा राहून चोरून सिगारेट ओढायचा. त्याला वाटायचं मला माहीत नाही. बाईंनी विचारलं तेव्हा मी ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, धुराने फरक पडतो, चालण्याने पडतो. शिवाय प्रत्येकाच्या रक्तात असे आणखी शेकडो बारीक फरक असतात, कुणाचे वाचवणारे, कुणाचे ढकलणारे. "कुणाचं पारडं नक्की कशाने झुकलं, हे आम्हालाही सगळं उलगडलेलं नाही," त्या म्हणाल्या. भाऊजींना हे उत्तर इतकं आवडलं की परतताना रस्ताभर तेच. "बघ, इतकी शिकलेली बाई सरळ म्हणते, माहीत नाही!"

आणि मग तो साच्यांचा दिवस आला. बाईंनी घराण्याची माहिती विचारली होती, कोण किती वर्षं जगलं, कोणाची टाच कशी होती. कुणाला विचारणार? सगळे गेलेले. दुपारी मी कारखान्यात गेले तर फळी रिकामी आणि अकरा साचे जमिनीवर मांडलेले. सगळ्यात वर आजेसासरे, खाली त्यांची मुलं, त्यांच्याखाली नातवंडं. भाऊजी मधोमध मांडी घालून बसले होते. हातात चामड्याची जाडी मोजायचं पितळी माप. प्रत्येक साच्याच्या टाचेमागे चिकटवलेले तुकडे मोजत होते.

"बघ," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "इकडे ये, बघ. आजोबा, दोन तुकडे, चव्वेचाळीस. काका, दोन तुकडे, सत्तेचाळीस. बाबा, दोन. आत्या, एकही नाही, एक्याण्णव. इतकी वर्षं हे आपल्या डोक्यावर होतं गं. आपण आपल्या हाताने तुकडे चिकटवत होतो आणि बूट दुरुस्त करत होतो!"

मीही खाली बसले. खरं सांगते, मलाही चेव आला. मी तळवे उलटून सालं वाचत होते, ते तुकडे मोजत होते. ज्याच्या टाचेला तुकडा, तो लवकर गेला. ज्याचं लाकूड कोरं, तो म्हातारा होऊन गेला. एकाही साच्याने दगा दिला नाही. मग माझ्या हातात माझ्या नवऱ्याचा साचा आला. टाचेमागे दोन तुकडे. दुसरा त्याने स्वतः चिकटवलेला, वेडावाकडा.

भाऊजींनी माप खाली ठेवलं. "त्या दिवशी मी तुला जे बोललो," ते म्हणाले, "ते चुकीचं होतं. तू चारलंस म्हणून तो गेला नाही. सात वर्षं हे तुझ्या डोक्यावर राहिलं, माझ्यामुळे. मला माफ कर."

सात वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. पण माझी नजर खाली गेली होती. नवऱ्याचा साचा जिथून उचलला होता, त्याच्याखाली भाऊजींनी आणखी एक साचा मांडला होता. लहान, नवा, पिवळट लाकडाचा. माझ्या मुलीचा. गेल्याच वर्षी केलेला, टाच अगदी कोरी. ती एकोणीस वर्षांची.

"हिचंही रक्त बघायला हवं," भाऊजी हळू म्हणाले. "नाणं हिच्यासाठीही उडलंय."

मी तो साचा उचलला आणि पदराखाली घेतला. "हिला यात ओढायचं नाही!"

"अगं, टाच पुढे जाडावते. आत्ता कोरी आहे म्हणून—"

"इतकी वर्षं दोष माझा होता," मी म्हणाले. मी ओरडत होते. "चालत होतं मला! मी चारलं, तो गेला. तिला नाही चारलं की झालं. आता तो दोष माझ्याकडून काढून घेताय आणि त्या जागी माझ्या पोरीला बसवताय. नको मला तुमची माफी!"

मी वर गेले आणि तो साचा कपाटात चादरींच्या खाली खुपसला. तीन आठवडे मी भाऊजींशी कामापुरतं बोलले. त्यांनीही विषय काढला नाही. फक्त एकदा शिवणयंत्राशी येऊन उभे राहिले, "बाई म्हणतात, जितकं लवकर कळेल तितकं..." एवढं बोलले आणि माझा चेहरा बघून खाली गेले. मला सगळं कळत होतं. मी काही अडाणी नाही. पण जोवर तपासलं नाही तोवर माझी मुलगी माझ्या लेखी ठणठणीत होती, आणि ते मला सोडवत नव्हतं.

मग एक दिवस मुलगी चादर बदलायला गेली आणि तिच्या हाताला साचा लागला. तो घेऊन ती थेट स्वयंपाकघरात आली. "आई, माझा पाय कपाटात काय करतोय?"

मी थाप मारणार होते, पण तिच्या हातात तो साचा बघून जीभ रेटली नाही. सगळं सांगितलं. टाच, दारं, नाणं, तुकडे. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मध्येच वाकून तिने स्वतःची टाच दाबून बघितली, आधी डावी, मग उजवी.

"पाय माझा आहे ना?" ती म्हणाली. "मग बघायचं की नाही ते मी ठरवणार." आणि दुसऱ्या दिवशी काकांबरोबर जाऊन रक्त देऊन आली. काकांवर गेलीय कार्टी.

रिपोर्ट आला तो पाकिटातून. आम्ही तिघं वर जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तिने पाकीट माझ्यापुढे सरकवलं, "तूच उघड." मी ते एवढ्या घाईने ओढलं की पाकीट निम्मं फाटलं. वाईट कोलेस्टेरॉल: दोनशे अठ्ठ्याऐंशी. खाली त्या चुकीच्या कृतीचं लांबलचक नाव होतं. तेच, जे भाऊजींच्या रिपोर्टवर होतं, अक्षर न् अक्षर. मी ते दोनदा वाचलं आणि डोकं टेबलावर टेकून रडले. सात वर्षांपूर्वी लोक बघत होते म्हणून रडले नव्हते, तेही रडून घेतलं. भाऊजी उठून खिडकीशी गेले.

मुलगी मात्र कागद पुढे ओढून बाईंनी खाली हाताने लिहिलेलं वाचत होती. रोज एक गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. सिगारेट कधीही नाही. धावायला हरकत नाही. एवढ्या लवकर सुरुवात केली तर इतरांसारखं लांब आयुष्य जगायला काहीच अडचण नसावी.

"आई," ती म्हणाली, "बाबांचं पण असं रक्त तपासलं असतं तर?"

"तर काय?" मी डोकं न उचलता म्हणाले.

"तर त्यांनाही हीच गोळी दिली असती ना?"

खिडकीशी उभे असलेले भाऊजी वळले नाहीत. "हो," ते म्हणाले. "हीच."

मी डोळे पुसले, पदराने, नीट. मग उठून पाण्याचा पेला भरला, बाईंनी रिपोर्टबरोबर पाकिटात घातलेल्या पट्टीतली पहिली गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ती गिळेपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.